घरातल्या सुईची मजुरी कोण मोजणार?

हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर विकत घेताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, "लोकर किती लागली?" विणायला किती दिवस लागले हे सहसा कोणी विचारत नाही. विणणारी भगिनीसुद्धा लोकरीचा भाव सांगते, त्यावर शे-दोनशे रुपये चढवते आणि व्यवहार पुरा झाला असे समजते. महिना-दीड महिना रोज दुपारी मान मोडून केलेल्या कामाची किंमत या व्यवहारात कुठे बसली, हे तिला सांगता येत नाही आणि घेणाऱ्यालाही. आमच्या मते घरबसल्या धंद्याची खरी दुखणी इथूनच सुरू होतात. भांडवल नाही, बाजार नाही, सरकार लक्ष देत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या आधी हिशेबाची वही नाही ही तक्रार नोंदवली पाहिजे.

अलीकडे हाताने रंगवलेल्या लोकरीला आणि त्या लोकरीच्या कार्डिगनला, म्हणजे पुढून उघड्या, बटणे लावलेल्या स्वेटरला, शहरांत आणि परदेशात चांगली मागणी आहे. एकाच लच्छीत गडद-फिका रंग उतरलेला, यंत्राला न जमणारा माल गिऱ्हाईक हौसेने घेतो. पनवेलच्या आसपासच्या गावांतील भगिनींनी हा धंदा करावा काय, आणि केला तर कसा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

शिरढोण आणि हिशेब

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ हा त्यांचा जन्मदिवस. त्यांच्या बंडाची कथा शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता, हे मात्र आपण विसरतो. देशाचा पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो, हे न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून त्यांनी ऐकले आणि स्वदेशीचा विचार मनावर घेतला. पुढे त्यांनी रामोशी, कोळी, भिल्ल आणि धनगर यांना बरोबर घेतले; रोहिल्यांशीही संधान बांधले. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्याच काळात पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या खादीच्या कपड्यांत गेले होते. स्वदेशी ही त्या पिढीला घोषणा वाटत नव्हती; कोणत्या वस्तूत कोणाची मेहनत आहे आणि तिचे पैसे कोणाला मिळतात, याचा तो हिशेब होता.

आज शिरढोणच्या आजूबाजूला पाहिले तर सूत आणि रंग या दोन्ही गोष्टींचा मोठा कारभार याच पट्ट्यात होऊन गेला आहे. रसायनी येथे हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना होता. कंपनीची स्थापना १९६० सालची. रंगांच्या कारखान्यांना लागणारी अ‍ॅनिलिन, नायट्रोबेंझिन यांसारखी मूळ रसायने देशातच व्हावीत, हा तिचा हेतू. २०१७ मध्ये सरकारने रसायनीचा हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. पाताळगंगेला १९८० च्या दशकापासून पॉलिस्टरचे सूत निघते. आणि आता पनवेलच्या अंगणात विमानतळ आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. रंग, सूत आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी दारात असूनही गावातल्या बाईच्या हाताला घरी बसून करता येईल असे काम किती आले? जमीन गेली त्यांचा मोबदला मोजला गेला, यंत्रे मोजली गेली, टनांचे आकडे छापून आले. घरात होणारे काम मात्र कोणत्याच रकान्यात बसले नाही.

हुनर आपल्या ओळखीचे

विणकाम ही साहेबाच्या मडमेने शिकवलेली हौस आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. मिशनच्या शाळांतून सुया-लोकर हिंदुस्थानच्या घरांत शिरली हे खरेच. परंतु या हुनराची मुळे त्याहून जुनी आहेत. सुयांवरच्या विणकामाचे जुन्यात जुने जे नमुने जगातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले, निळीने रंगवलेल्या आणि पांढऱ्या सुताचे मोजे प्रमुख आहेत. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे मानले जातात. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळच्या मठात, १२७५ साली वारलेल्या फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या कबरीत रेशमी विणकामाचे उशीचे अभ्रे मिळाले. त्यांच्या काठावर कूफी लिपीत 'बरकत' हा शब्द विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या उशाशी मुसलमान कारागिराच्या हातचे काम होते, ते उत्तम होते म्हणूनच. कारागिराचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

कार्डिगन या शब्दाचीही तीच तऱ्हा. क्रिमियाच्या लढाईत १८५४ साली बालाक्लावा येथे घोडदळ घेऊन धावलेल्या लॉर्ड कार्डिगनचे नाव या स्वेटरला मिळाले. त्याच लढाईचे सेनापती लॉर्ड रॅग्लन यांचे नाव गळ्यापासून तिरक्या निघणाऱ्या बाहीला मिळाले आणि बालाक्लावा गावाचे नाव कानटोपीला. एका लढाईने विणकामाला तीन शब्द दिले. पण ज्या हातांनी हे कपडे विणले, त्यांपैकी एकाचेही नाव कपड्याला चिकटले नाही.

आपल्या देशातील विणलेल्या कपड्यांची राजधानी लुधियाना. १८३३ च्या दुष्काळात काश्मीर सोडून आलेले शालीचे कारागीर तिथे वसले आणि लोकरीच्या कामाचा पाया पक्का झाला. पुढे यंत्रे आली, होजिअरीचे कारखाने निघाले. रंगाच्या कामाचे म्हणाल, तर रंगरेज आणि खत्री ही नावेच त्या धंद्याची आहेत. कच्छमधील अजरखचे खत्री कारागीर आजही नीळ, मंजिष्ठा, हिरडा आणि डाळिंबाची साल वापरून जगभर माल पाठवतात. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, रंग बिघडू लागले, तेव्हा यांतील अनेक कुटुंबांनी दुसरीकडे जमीन घेऊन अजरखपूर हे नवे गाव वसवले. पाण्यासाठी गाव बदलणारे कारागीर मालाच्या प्रतीविषयी किती काटेकोर असतील, याचा विचार करावा. आपल्या भगिनींनी त्यांच्याकडून घ्यायचा धडा हाच आहे.

रंगाचे काम हौसेचे नाही

हाताने रंगवणे म्हणजे पातेल्यात रंग टाकून लोकर बुडवणे, अशी समजूत असेल तर ती आधी दूर करावी. पहिली गोष्ट लोकरीची. आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले बरेचसे अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक हे खनिज तेलापासून केलेले सूत. ते घरच्या चुलीवर लोकरीच्या रंगाने रंगत नाही. ओळखण्याची सोपी रीत अशी: धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून पेटवावा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याची टणक गोळी होते. अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर विकण्यात काही गैर नाही. तो लोकरीचा म्हणून विकणे मात्र माप मारण्यासारखेच आहे.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडीला ती उत्तम. गळ्याला लागणाऱ्या कपड्याला टोचते. देशातली बरीचशी लोकर गालिच्यांच्या कामाची आहे. त्यामुळे कार्डिगनसाठी मऊ, न रंगवलेली मेरिनो लोकर घ्यावी लागते. या लोकरीचा कच्चा माल मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतो आणि कताई आपल्याकडे होते. ठाण्याला कोलशेत रस्त्यावर लोकर संशोधन संस्था आहे. सुताची परीक्षा, रंगाचा पक्केपणा या विषयांतले जाणते लोक पनवेलहून लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर आहेत.

लोकर प्राण्याच्या अंगावरचा केस आहे, हे लक्षात ठेवले की रंगाचे अर्धे काम समजते. ती अर्धा तास पाण्यात नीट भिजली नाही तर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो. खळखळ उकळली, चोळली किंवा गरमातून एकदम गार पाण्यात टाकली, तर तिचा नमदा होतो आणि माल फुकट जातो. उष्णता उकळीच्या खाली ठेवावी, लच्छी हलक्या हाताने उलटावी आणि पातेल्यातच गार होऊ द्यावी. कारखान्यात तयार होणारे लोकरीचे आम्लरंग व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बसतात. रंग लोकरीने ओढून घेतला की पातेल्यातले पाणी निवळ दिसते. तीच काम झाल्याची खूण. वनस्पतींच्या रंगांसाठी बहुधा आधी तुरटीचे पाणी द्यावे लागते. लोकरीच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तुरटी हे नेहमीचे प्रमाण. मंजिष्ठेचा लाल, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, निळीचा निळा, काताचा तपकिरी हे भरवशाचे रंग आहेत. खैराचा कात तर कोकणचाच माल. हळदीचा पिवळा डोळे दिपवतो, परंतु उन्हात उडतो. तो विकण्याच्या मालाला वापरू नये. पाण्यात लोह असेल तर उजळ रंग काळवंडतात, म्हणून विहिरीचे, बोअरचे आणि नळाचे पाणी वेगवेगळे तपासून मगच कायमचे पाणी ठरवावे.

रंग कोठला आणावा, हाही विचार आहे. कर्करोगाचा धोका असलेली द्रव्ये ज्यांतून सुटतात, अशा काही अझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली बंदी घातली. आपल्या सरकारनेही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली. पुडीत सुटा मिळणारा, नाव-गाव नसलेला रंग अंगावरच्या कपड्याला वापरणे म्हणूनच धोक्याचे. ज्या पातेल्यात रंग केला, त्यात पुन्हा कालवण करू नये; रंगाची भांडी वेगळी ठेवावीत. खिडकी उघडी ठेवावी आणि रंगाची पूड नाकात जाऊ देऊ नये. रंगवणारी बाई हीसुद्धा माणूस आहे.

आणि एक नियम धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा. एका कार्डिगनची सगळी लोकर एकाच पातेल्यात रंगवावी आणि एक लच्छी जास्तीची ठेवावी. हातचा रंग दुसऱ्या दिवशी हुबेहूब येत नाही. पाठ एका छटेची आणि बाही दुसऱ्या छटेची झाली तर गिऱ्हाईक परत येणार नाही. लच्छ्यांत थोडा फरक असलाच तर दोन लच्छ्या घेऊन दोन-दोन ओळी आळीपाळीने विणाव्यात, म्हणजे फरक मुरतो. प्रत्येक खेपेला रंग किती, तुरटी किती, पाणी कोठले, वेळ किती, हे वहीत लिहून सोबत धाग्याचा तुकडा चिकटवावा. ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग लागतो का पाहावे. धाग्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर उन्हात ठेवावा आणि दोन्ही भाग ताडून पाहावेत. एवढे केल्याशिवाय 'पक्का रंग' ही चिठ्ठी लावू नये.

एका कार्डिगनचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मध्यम मापाच्या बायकांच्या कार्डिगनला शंभर सेंटिमीटर घेर धरला आणि दहा सेंटिमीटरला २२ टाके बसले, तर घेराला २२० टाके होतात. ५५ सेंटिमीटर उंचीला साधारण १६५ ओळी. म्हणजे अंगालाच ३६,००० च्या वर टाके झाले. दोन बाह्यांचे सोळा हजार, गळा आणि बटणपट्टीचे पाच हजार धरा. एकूण ५७ ते ६० हजार टाके. मिनिटाला २० टाके हा सरावलेल्या हाताचा, उलट-सुलट, मोजणे, चुकलेले उसवणे हे सारे धरून असलेला वेग. साठ हजार टाक्यांना तीन हजार मिनिटे, म्हणजे ५० तास लागले. रंगवणे, वाळवणे आणि गुंडे करणे यांचे सहा तास. जोडणी, काजे, बटणे, धुऊन मापात ताणून वाळवणे यांचे आठ तास. एकूण ६४ तास. आठ तासांचा दिवस धरला तर पुरते आठ दिवस.

उदाहरणादाखल भाव धरू. प्रत्येकीने येथे आपल्या दुकानातले भाव घालावेत. लोकर किलोला २,००० रुपये धरली तर ६५० ग्रॅमचे १,३०० झाले. रंग, तुरटी, गॅस, बटणे यांचे २५०. तासाला फक्त ६० रुपये मजुरी धरली, म्हणजे दिवसाला ४८० रुपये, तर ६४ तासांचे ३,८४० होतात. सारे मिळून ५,३९० रुपये. यात नफ्याचा एक पैसाही नाही.

हाच कार्डिगन "वहिनी, ओळखीचे आहोत" म्हणून २,५०० रुपयांना गेला, तर माल वजा जाता हाती ९५० रुपये राहतात. ६४ तासांनी भागले तर तासाला १५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. ठेकेदाराने रंगवलेली लोकर आणून दिली आणि नगामागे ५०० रुपये मजुरी ठरवली, तर विणणे-जोडणे मिळून ५८ तासांना तासाचे नऊ रुपयांहूनही कमी मिळाले. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर कामगाराची मजुरी कमी-जास्त म्हणून भांडणे होतात, संप होतात; भांडायला तिथे निदान मीटरचा हिशेब तरी असतो. घरातल्या सुईला तो हिशेबही नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मेहनताना द्यावा, ही शिकवण आपल्या मंचांवरून नेहमी सांगितली जाते. ती घरातल्या बाईच्या बोटांनाही लागू आहे, हे सांगण्याची वेळ आता आली आहे.

यावर एक आक्षेप नेहमीचा. बाई रिकाम्या वेळात विणते, मग त्या वेळेचे पैसे कसले? रिकामा वेळ म्हणजे काय, हे आधी ठरवावे. स्वयंपाक, पाणी, मुले, म्हातारी माणसे यांतून उरलेल्या दोन तासांत ती विणते. दुकानदार दुपारी गिऱ्हाईक नसताना बसून राहतो, म्हणून तो दुकानाचे भाडे खर्चात धरायचे सोडत नाही. आजीने नातवाला विणलेला स्वेटर हा प्रेमाचा. त्याचा हिशेब करू नये. पण तोच हात विकण्यासाठी चालला की तो धंदा झाला, आणि धंद्यात वेळेला किंमत असते.

लुधियानाशी टक्कर नको

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्रावरचा स्वेटर बाजारात याच्या चौथाई-पाचवाई किमतीत मिळत असताना पाच हजारांचा कार्डिगन कोण घेणार? त्यातून कोकणात थंडी ती कितीशी? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की प्रत्येक भगिनीने कार्डिगन विणून ढीग लावू नये. कार्डिगन ऑर्डर आणि आगाऊ रक्कम हाती आल्यावरच विणावा, गिऱ्हाईकाच्या मापाचा आणि त्याने निवडलेल्या रंगाचा. त्याखेरीज रोजचा धंदा रंगवलेल्या लच्छ्यांचा करावा.

याचे गणित सोपे आहे. एका दिवसात घरच्या दोन मोठ्या पातेल्यांत एक किलो लोकर, म्हणजे शंभर ग्रॅमच्या दहा लच्छ्या, रंगवून होतात. वरचेच भाव धरले तर लोकर, रंग, गॅस आणि वेष्टन यांचे २,३५० रुपये. लच्छी ३५० रुपयांना गेली तर ३,५०० आले. आठ तासांमागे १,१५० राहिले. यातून बिघडलेला माल, टपाल आणि न खपलेले रंग वजा करावे लागतील. तरीही कार्डिगनच्या तासापेक्षा हा तास भारी पडतो. कारण गिऱ्हाईक स्वतःच्या हौसेने ५० तास विणते आणि त्या ५० तासांचे पैसे आपल्याला मागावे लागत नाहीत. परदेशातल्या विणणाऱ्या बायका हाताने रंगवलेल्या लोकरीला चांगली किंमत देतात, ती याच कारणाने. पुणे, मुंबई, बंगळूर येथेही असे गिऱ्हाईक आहे.

कोकणी मुसलमानांना तर आणखी एक बाजार घरचाच आहे. रायगड-रत्नागिरीची कुटुंबे ब्रिटनमध्ये आहेत. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला कोकणी समाज एकोणिसाव्या शतकापासून वसलेला आहे. ब्रिटनची थंडी ऑक्टोबरपासून, केपटाऊनची जून ते ऑगस्ट. आपल्या हवेचा विचार करून वर्षाची आखणी अशी करता येईल: दिवाळी ते मे या कोरड्या महिन्यांत रंगवणे, कारण लच्छी सावलीत चटकन वाळते, पावसाळ्यात, जेव्हा काही वाळत नाही, तेव्हा विणणे, म्हणजे ब्रिटनच्या ऑर्डरी सप्टेंबरमध्ये तयार. केपटाऊनचा माल एप्रिलअखेर निघाला पाहिजे. पावसाळ्यात लोकर दमट कपाटात ठेवली तर बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. घट्ट झाकणाचे डबे हा खर्च धरूनच चालावे.

सरकारच्या वहीत जागा हवी

इथपर्यंत भगिनींच्या कर्तव्याचे झाले. आता सरकारकडे वळू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत. शिंपी आहे, परीट आहे, मासेमारीची जाळी विणणाराही आहे. ते योग्यच आहे. परंतु रंगारी नाही आणि लोकर विणणारीही नाही. सुतापासून जाळे करणारा कारागीर, तर सुतापासून वस्त्र करणारी का नाही? प्रशिक्षण, अवजारे आणि बिनतारण कर्ज यांची गरज दोघांनाही सारखीच आहे.

करांची गोष्ट त्याहून विचित्र. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के झाला. महाग कपडा म्हणजे श्रीमंती कपडा, असा त्यामागचा विचार दिसतो. हातच्या कार्डिगनला तो लागू पडत नाही. वरच्या हिशेबातल्या ५,३९० रुपयांत सत्तर टक्क्यांहून जास्त मजुरी आहे. एकटी बाई राज्यातल्या राज्यात थोडा माल विकते तेव्हा ४० लाखांच्या उलाढालीखाली तिला नोंदणीची सक्ती नाही. पण तोच माल नोंदणी असलेल्या दुकानातून किंवा मोठ्या संस्थेमार्फत गेला की त्यावर ९७० रुपये कर चढतो. म्हणजे बायकांनी एकत्र येऊन धंदा वाढवला की त्यांचा माल महागतो. हातविणीच्या कपड्याला किमतीची अट न लावता ५ टक्क्यांतच ठेवावे, ही मागणी महिला संस्थांनी आणि व्यापारी मंडळांनी लावून धरावी.

घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ सालीच १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात घरातून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. व्याख्या आली, ही पहिली पायरी. ई-श्रमवर नाव नोंदवताना आपल्या बहुतेक भगिनी 'गृहिणी' म्हणून थांबतात. विणून किंवा रंगवून कमावणारीने आपला धंदा सांगून नोंद करावी. नोंदच नसेल तर उद्या कोणती योजना कोणासाठी काढणार?

करायचे काय?

भांडवल फार लागत नाही. दोन स्टीलची मोठी पातेली, वजनकाटा, थर्मामीटर, चार जोड सुया आणि पाच किलो लोकर. महिला आर्थिक विकास महामंडळ, उमेद आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ यांच्याकडे बचत गटांनी चौकशी करावी. लोकर एकटीने किलो-दोन किलो घेण्यापेक्षा आठ-दहा जणींनी मिळून घ्यावी; भावात फरक पडतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्या संस्थेची ताकद पापडाच्या चवीत होती तितकीच ती लाटणाऱ्या बहिणींना नियमाने मिळणाऱ्या मजुरीत होती. गटाने पहिल्याच दिवशी तासाचा दर ठरवावा आणि त्याखाली कोणीही काम घेऊ नये. एकीने घेतले की दहाजणींचा दर पडतो.

घरातल्या पुरुषांचेही काम आहे. रंगाच्या दिवशी चूल आणि मुले सांभाळणे, माल टपालात टाकणे, आणि मुख्य म्हणजे आलेला पैसा जिच्या हाताने आला तिच्या खात्यावर जमा होतो की नाही हे पाहणे. गिऱ्हाईक म्हणून आपलीही जबाबदारी आहे. हातचा माल परवडत नसेल तर यंत्राचा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. हातचाच हवा असेल तर घासाघीस करण्याआधी साठ हजार टाक्यांचा आकडा मनात आणावा.

शिरढोण परिसरातल्या एखाद्या गटाने हे मनावर घेतले तर सुरुवात लहान करावी. येत्या कोरड्या हंगामात दोन किलो लोकर, तीन रंग आणि एक वही. वहीत डाव्या पानावर रंगाची कृती आणि उजव्या पानावर लागलेले तास. हंगामाच्या शेवटी उजव्या पानांची बेरीज करावी आणि मग भाव ठरवावा.